दादाची तांदळाची बिअर

माझ्या दादाला बिअरची रेसिपी विचारली की तो आधी उलट विचारतो, "भांडं कुठलंय तुझ्याकडं?" विचारणाऱ्याला वाटतं, हा भाव खातोय. तसं काही नाही. घरी बिअर करणाऱ्यांच्या तीन तऱ्हा असतात आणि तिघांना एकच रेसिपी देऊन चालत नाही. एकाकडं मोठमोठी पातेली असतात. तो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भरडून गरम पाण्यात तासभर मुरवतो, त्याचं गोड पाणी दुसऱ्या पातेल्यात काढून घेतो आणि ते उकळतो. दुसऱ्याकडं पातेलं एकच. तो भरडलेलं माल्ट कापडी पिशवीत बांधून पाण्यात सोडतो आणि मुरल्यावर पिशवी उचलून बाजूला करतो. तिसरा सगळ्यात आळशी, असं दादा म्हणायचा. तो माल्टचा तयार पाक डब्यातून विकत आणतो, काकवीसारखा दाट, आणि पाण्यात ढवळून थेट उकळायला ठेवतो. पुढं तिघांचं सारखंच. हॉप्सची कडू फुलं घालायची, गार करायचं, यीस्ट सोडायचं आणि गप्प बसायचं.

दादा पहिल्या तऱ्हेचा, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. आकुर्डीत वडिलांनी बांधलेलं घर आहे, त्याच्या गच्चीवर पत्र्याची शेड. तिथं त्याची तीन पातेली, आचाऱ्यांकडं असतात तसली, दोन्ही कानांना धरून दोघांनी उचलायची. कारखान्यात तो टूल रूमला, त्यामुळं पातेल्यांचे नळ, आतल्या जाळ्या, खालचं स्टँड, सगळं त्यानं स्वतः केलेलं. मी त्याची धाकटी बहीण. चाकणला एका कंपनीत पेंट शॉपच्या क्वालिटीला आहे आणि राहायला पिंपळे सौदागरला. गुरुवारी दोघांनाही सुट्टी. महिन्यातून एखाद्या गुरुवारी मी सकाळीच आकुर्डीला जायची आणि आम्ही बिअर लावायचो. लावायचो म्हणजे तो लावायचा, आणि मला "हे धर, ते दे, झाकण कुठं ठेवलंस" एवढंच काम.

त्याच्या बिअरमध्ये इंद्रायणी तांदूळ असायचा. चांगला गिचका शिजवून तो माल्टमध्ये मिसळायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, एकदा घरात भात उरला म्हणून घालून बघितला आणि जमलं. बिअर फिकट, हलकी व्हायची, आणि घोट उतरल्यावर मागून ताज्या भाताचा वास यायचा. दुकानात तसली बिअर मिळत नाही. मी उगाच कौतुक करणारी बाई नाही, विचारा कुणालाही, पण ती बिअर खरंच भारी होती.

आई होती तोवर तिला हा प्रकार मुळीच आवडायचा नाही. ती विहारात जाणारी, पंचशील मनापासून पाळणारी. सकाळी वंदना म्हणताना पाचवं शील, दारूपासून दूर राहायचं, आलं की ती तोंड जिन्याकडं वळवायची आणि आवाज वाढवायची. दादा वरून "साधु, साधु" म्हणायचा. मग दोघंही हसायची. पौर्णिमेला शेड उघडायची नाही एवढी एक अट तिनं घातली होती, आणि ती गेल्यावरही दादा ती पाळतो.

मग दादाची कंबर गेली. वर्षानुवर्षं कारखान्यातले जड लोखंडी डाय उचलून मणक्यातली गादी सरकली होती, डाव्या पायाला मुंग्या यायच्या, आणि तो गडी बाम चोळून कामावर जात राहिला. शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वहिनींसमोर आणि माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आता पुन्हा नस दाबली गेली तर पायाची खात्री मी देत नाही." दादानं मान हलवली. बाहेर येऊन रिक्षात बसताना वहिनींच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "हे लोक घाबरवतातच."

तिथून पुढं खरं दुखणं सुरू झालं. कंपनीनं त्याला बसून करायचं काम दिलं, तर त्यानं मित्रांना सांगितलं, "जरा बदल म्हणून मागून घेतलंय." शेजाऱ्यांकडं सिलिंडर आला की हा पुढं. कुणी म्हणालं, राव, जरा कपाट सरकवू लाग, की हा निघाला बाह्या सरसावून. मला उचलता येत नाही, एवढं एक वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघत नव्हतं. लाज वाटायची त्याला. इतकी वर्षं गल्लीत ज्याला उचलायला बोलवायचे तो हाच होता ना.

एका दुपारी मी कंपनीच्या बसमध्ये होते आणि वहिनींचा फोन आला. रडतच होत्या. "ताई, हे गच्चीवर होते. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. मी हाक मारली तर म्हणतात, पातेली धुतोय. ती पातेली भंगारात घाला, नाहीतर मी घालते." मागून दादाचा आवाज ऐकू आला, "पातेली गेली म्हणजे मी संपलो असं समज!" वहिनींनी फोन ठेवला. मी खिडकीबाहेर बघत बसले. वहिनींचं चुकत नव्हतं. पण दादाकडून तेवढंही काढून घेतलं तर तो माणूस खरंच आतून खचला असता, हे मलाही दिसत होतं. म्हणून ठरवलं, पातेली राहू देत, रेसिपीच बदलू. पाय वाचला पाहिजे आणि बिअरही त्याचीच राहिली पाहिजे. मला वाटलं, त्यात काय, मापं कमीजास्त करायची. डोंबल माझं!

आधी पिशवीची तऱ्हा धरली. माप निम्म्यावर आणलं. पिशवीत माल्ट नीट धुतलं जात नाही, म्हणून माल्ट थोडं वाढवलं आणि भरड बारीक केली. राहिली ओली पिशवी. कोरड्या माल्टच्या जवळजवळ दुप्पट वजन, आणि तेही गरम, गळतं. ती मी उचलणार असं ठरलं. पुढच्या गुरुवारी जाऊन बघते तर शेडच्या अँगलला कप्पी टांगलेली, दोर, हुक, वर खाली करायला हँडल. दादाचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुललेला. "कायझेन!" तो म्हणाला. कारखान्यात सुधारणेला हाच शब्द. मीही खूश झाले. एका बोटानं हँडल फिरवलं की पिशवी वर. मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

पिशवी पातेल्याच्या काठाला अडकली. जराशीच. हँडल उलटं फिरवून सोडवता आली असती. पण यंत्रावर बिघडलेला जॉब हातानं सरळ करायची सवय दादाच्या अंगात मुरलेली. मी "थांब" म्हणेपर्यंत त्यानं खांदा लावलासुद्धा. कप्पी नीट होती, दोर नीट होता, हुक नीट होता. फक्त माझा भाऊ नीट नव्हता. तो तिथंच खाली बसला, चेहरा पांढराफटक, आणि तोंडानं "काही नाही, काही नाही." मी इतकी घाबरले की गॅस बंद करायचं भान राहिलं नाही. पुन्हा दवाखाना, पुन्हा ते तपासणीचं बोगद्यासारखं मशीन. नस वाचली होती. डॉक्टर दादाला काहीच बोलले नाहीत, माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही होतात ना तिथं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो अंथरुणावर होता तेव्हा मी माझ्या स्वयंपाकघरात तिसरी तऱ्हा करून बघितली. चार किलो माल्टच्या जागी साधारण तीन किलो पाक, हा हिशोब ठरलेला आहे. सगळं पाणी न उकळता थोड्याच पाण्यात पाक उकळायचा आणि बाकीचं गार पाणी नंतर मिळवायचं. दाट पाण्यात हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो, म्हणून हॉप्स वाढवले. सगळं शिस्तीत. बाटल्या तयार झाल्यावर एक गार करून आकुर्डीला नेली. दादानं उशीला टेकून घोट घेतला, ग्लास उजेडाकडं धरला, पुन्हा घोट घेतला.

"चांगलीय," तो म्हणाला. "पण कुणाची आहे?"

माझं टाळकंच सरकलं. "तुझीच रेसिपी आहे! तुझ्यासाठी ओट्याशी दिवसभर उभी होते मी!"

"तांदूळ कुठंय?"

तांदूळ नव्हता, हे खरं होतं. घालून उपयोग नव्हता म्हणून घातला नव्हता. तांदळातल्या पिठूळपणाची साखर करायचं काम माल्ट करतं. जवाला मोड आल्यावर त्याच्यात ती ताकद येते. पाक मात्र आधीच शिजवून आटवलेला, त्यातली ती ताकद कधीच मेलेली असते. पाकात भात घातला तर त्याची पेज होते, बिअर होत नाही. मी हे सगळं फणकाऱ्यानं सांगितलं. दादानं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. "बरा झालो की वरच करीन," तो म्हणाला. "माझी पातेली आहेत."

"आणि पाय?" मी ओरडले. "पाय गेल्यावर कशानं चढणारेस जिना?" वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, जेवायला चला."

जेवायला बसले तरी माझा राग गेला नव्हता. वहिनींनी कॅसरोलचं झाकण काढून पोळी वाढली. तुकडा मोडला तर बोटाला चटका बसला. म्हटलं, "आत्ता केल्यात?" त्या म्हणाल्या, "छे हो, सकाळी डब्याच्या वेळेला." मी पोळी तशीच ठेवली आणि उठून कॅसरोल उलटासुलटा करून बघायला लागले. वहिनींना वाटलं, पोळीत काही निघालं.

सांगायचं म्हणजे, माल्ट मुरायला दुसरं लागतं काय? तासभर एकसारखी उष्णता. दोन मुठी माल्ट मुरवायला आचाऱ्याचं पातेलं कशाला हवं? अर्धा किलो खरं माल्ट आणि अर्धा किलो शिजलेला तांदूळ कॅसरोलमध्ये मुरवायचा. तेवढं माल्ट तेवढ्या तांदळाला पुरतं. त्याचं गोड पाणी गाळून घ्यायचं आणि उरलेल्या माल्टच्या जागी पाक. तांदूळही आला आणि ओझंही गेलं. मी हात न धुताच आतल्या खोलीत गेले आणि दादाला सांगितलं. त्यानं छताकडं बघत मनात हिशोब केला. मग म्हणाला, "भात गरमच मिसळावा लागंल. नाहीतर तापमान एकदम उतरंल." म्हणजे पटलं होतं!

तो उठून फिरायला लागल्यावर एका गुरुवारी आम्ही खालीच, वहिनींच्या स्वयंपाकघरात बिअर लावली. दादा कमरेला पट्टा बांधून खुर्चीत. मी नियम केला, तांब्यापेक्षा जड काही या घरात आज उचललं जाणार नाही. बिअर मुरायचा पिंप जिथं ठेवायचा तिथंच ठेवला, ओट्याखाली, आणि तिथंच तांब्यातांब्यानं भरायचा. वहिनींनी लग्नातला मोठा कॅसरोल माळ्यावरून काढून दिला आणि बजावलं, "वास राहिला तर नवा आणून द्यायचा." दादानं हाताच्या पंज्यावर पाण्याची वाफ घेतली, तरी मी थर्मामीटर घातलाच. तासाभरानं थेंबभर गोड पाणी बशीत काढून त्यावर आयोडीन टाकलं. पिठूळपणा उरला असेल तर ते निळंकाळं होतं. आमचं निळंकाळंच झालं. दादा खुर्चीत मागं रेलला. "अजून थोडं," तो म्हणाला. कॅसरोलला वहिनींनी त्यांची जाड शाल गुंडाळली. त्या असं काही करतील असं मला वाटलं नव्हतं. पुन्हा बघितलं तर थेंब पिवळट तपकिरीच राहिला. दादानं बशी वहिनींना दाखवली. त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं," आणि नीट निरखून बघितली.

पुढं वाट बघायचे दिवस. दादा घरीच असायचा, त्यामुळं शिफ्ट बदलल्यासारखा येता-जाता पिंपाचं झाकण उघडून बघायचा. उघडलं की बिअर आंबट व्हायची भीती. मी कंपनीतला 'होल्ड'चा लाल टॅग आणून झाकणावर लावला. क्वालिटीनं माल अडवला की त्याला हात लावत नाहीत, हे त्याच्या रक्तात आहे. त्यानं एकदाही झाकण उघडलं नाही, फक्त फोनवर मला शिव्या घातल्या.

बाटली उघडली त्या दिवशी मी त्याच्या तोंडाकडं बघत बसले होते. त्यानं घोट घेतला आणि डोळे मिटले.

"भात आला," तो म्हणाला.

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! संध्याकाळी शेजारचे काका आले, त्यांना हा सांगतो, "हे आपलं सहज गंमत म्हणून केलं. खरी बॅच वरच लावणार आता." वहिनींनी माझ्याकडं बघितलं. पातेली वर होती तोवर त्याचा पाय पणाला लागलेला होता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण मी भांडले नाही. भांडून तो बदलणारा नाही. मी नुसती गुरुवारी जात राहिले आणि आम्ही खाली कॅसरोलमध्ये करत राहिलो. कधी तांदूळ जरा भाजून घेतला, कधी हॉप्स बदलले. घरी बिअर करणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणी रेसिपी विचारली की दादा तिन्ही तऱ्हांनी सांगायला लागला. पाकवाल्यांना आळशी म्हणणं आपोआप बंद झालं. मी त्याला ते बोलून दाखवलं नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नाही, पण नाही दाखवलं.

मग एके दिवशी चहा पिताना तोच म्हणाला, "वरचा सेट एकाला देतोय. त्याला मोठ्या भांड्यात करायचीय." वहिनींच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मी तर बिस्किट उगाच चहात बुडवून ठेवलं आणि ते तळाला गेलं.

घ्यायला आला तो चाकणकडच्या एका गावातला, चाळिशीचा, घरची शेती सांभाळून कंपनीत जाणारा. पिकअप घेऊन आला होता. वर जाऊन त्यानं पातेली वाजवून बघितली, नळ फिरवून बघितले. "लई भारी काम हाय, भाऊ," तो म्हणाला. "भांडी तर नेतोच, पर ती तांदळाची रेसिपी बी द्या की राव."

दादा शेडमधल्या स्टुलावर बसला आणि त्यानं त्याला मोठ्या भांड्याची रेसिपी सांगितली, सगळी, काही हातचं न राखता. तांदूळ किती, केव्हा मिसळायचा, पाणी किती गरम. त्या माणसानं मोबाइलमध्ये आवाज भरून घेतला. "आन् तुमी कशात करता मंग?" त्यानं विचारलं.

"आम्ही पोळ्यांच्या डब्यात."

त्याला ती थट्टा वाटली, तो खो खो हसला. दादाही हसला.

मी चहाचे कप घेऊन शेडच्या दारात आले तेव्हा त्यानं एकात एक अशी तिन्ही पातेली बसवली होती आणि एक कान धरून वाकला होता. "धरा, भाऊ, त्या अंगानं," तो म्हणाला. दादा उठला. त्याचा हात दुसऱ्या कानाशी गेला. बोटं आत अडकलीसुद्धा. ओरडावं की नाही कळेना. परक्या माणसासमोर मी ओरडले असते तर त्यानं ते उचललंच असतं, माझी खात्री आहे. मी गप्प राहिले. आयुष्यात इतकं गप्प राहणं मला कधी जड गेलं नव्हतं.

दादानं हात काढून घेतला.

"नाही रे बाबा," तो म्हणाला. "माझं कंबरेचं ऑपरेशन झालंय. मला उचलता येत नाही."

"आवं मंग आधी न्हाई का सांगायचं!" तो माणूस म्हणाला. "बसा तुमी, बसा." झालं, एवढंच. त्याला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. दादा माझ्याकडं वळला. कान लाल झाले होते त्याचे, पण आवाज साधा होता. "बारके," तो म्हणाला, "तू धर."

मी कप कठड्यावर ठेवले आणि धरलं. पातेली जड होती, जिना अरुंद, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. मला खरंच आनंद झाला होता. खालून तो माणूस वर बघून म्हणाला, "जड होतंय का, ताई? टेकवायचं का जरा?"

"नको, चला तुम्ही," मी म्हटलं.

वरून दादा सांगत होता, "सावकाश उतरा. वळणावरची पायरी बुटकी आहे."